खर्जाची पेटी : बंद की नळीची?

मराठी घरात ‘पेटी’ हा शब्द उच्चारला की तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे तीन निरनिराळ्या वस्तू उभ्या राहतात. आजीला माळ्यावरची, लग्नात आलेली पत्र्याची पेटी आठवते. आजोबांना भजनातली, भात्याची पेटी आठवते. आणि नातवाला हल्ली ज्या पेटीचे वेड लागलेले असते ती काळी, जड आणि तोंडावर वीतभर रुंदीचा गोल पडदा बसवलेली असते. तिच्यातून गाणे निघत नाही. गाण्याचा केवळ तळ निघतो. तिला सबवूफर म्हणतात. संगीताच्या भाषेत बोलायचे तर ती निव्वळ खर्जाची पेटी होय. या तिसऱ्या पेटीविषयी चार शब्द लिहिण्याचा योग या महिन्यात एका पत्रामुळे आला आहे.

पत्र एका वाचक-कुटुंबाचे आहे. वडील सेवानिवृत्त, ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणारे. चिरंजीव नुकतेच नोकरीस लागलेले, चित्रपटांचे शौकीन. घर दोन खोल्यांचे. बैठकीची खोली सुमारे तेरा फूट लांब. तिची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आणि त्या भिंतीपलीकडे अंथरुणाला खिळलेल्या एक वृद्ध बाई. चिरंजिवांच्या पहिल्या बोनसमधून सबवूफर घ्यायचे ठरले. दुकानदाराने सारख्या किमतीच्या दोन पेट्या दाखविल्या. एक सर्व बाजूंनी बंद, दुसरीला समोर वाटीएवढे गोल भोक आणि आत एक नळी. चिरंजिवांना नळीची हवी, कारण तिचा आवाज मोठा. वडिलांना बंद हवी, कारण भोकाची वस्तू त्यांना अपुरी वाटते. घरात दोन तट पडले आहेत आणि निवाडा आमच्याकडे सोपविला आहे. निवाड्यापूर्वी दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, हा शाळेत मुलांची भांडणे सोडविताना आम्ही पाळत आलेला नियम येथेही पाळतो.

प्रथम मूळ प्रश्न असा की, स्पीकरला पेटी लागतेच कशाला? स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते; परंतु त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच पडद्यातून परस्परविरुद्ध अशा दोन लहरी निघतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात, त्या आपापल्या दिशेने निघून जातात. खर्जाचे तसे नाही. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो; तेव्हा सेकंदाला ४० कंपनांच्या, अर्थात ४० हर्ट्झच्या स्वराची एक लहर सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट लांब भरते. एवढ्या लांब लहरीला वीतभर पडद्याच्या कडेवरून वळसा घालणे मुळीच अवघड नाही. मागची लहर पुढे येते, पुढचीशी मिळते आणि दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजविला तर तो केविलवाणा किणकिणतो तो याच कारणाने. म्हणून मागच्या लहरीचा काहीतरी बंदोबस्त करावा लागतो. तो करण्याचे मुख्य मार्ग दोन: एक तर तिला कोंडून ठेवावे, नाहीतर तिला वळण लावून कामास जुंपावे. पहिला मार्ग बंद पेटीचा, दुसरा नळीच्या पेटीचा.

बंद पेटीचे तत्त्व समजण्यासाठी सायकलचा पंप घ्यावा. त्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दांडा खाली रेटावा व सोडून द्यावा. दांडा आपोआप वर येतो. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. बंद पेटीतही हेच घडते. पडदा आत आला की हवा त्याला बाहेर लोटते, बाहेर गेला की आत ओढते. एडगर विल्चर या अमेरिकन गृहस्थांनी या साध्या गोष्टीचा फार मोठा उपयोग करून घेतला. त्या काळी चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी घरात ठेवावी लागे. विल्चर यांनी पडद्याची स्वतःची ताणव्यवस्था मुद्दाम ढिली ठेवली आणि त्याला जागेवर आणण्याचे काम कोंडलेल्या हवेकडे सोपविले. कारण ही हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या ताणापेक्षा अधिक एकसारखी चालते. हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि १९५४ साली पुस्तकांच्या फळीवर मावेल अशी पेटी लोकांपुढे ठेवली. एवढ्याशा पेटीतून एवढा खोल स्वर निघतो यावर ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. हेच विल्चर पुढे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पेटीइतकीच मोलाची वाटते.

आता नळीची पेटी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की ‘हूं’ असा एकच स्वर निघतो, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. बाटलीच्या गळ्यातली हवा हे एक वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. वजन स्प्रिंगवर वरखाली नाचते आणि आपल्या ठराविक गतीनेच नाचते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ पात्रांच्या साहाय्याने स्वरांचे पृथक्करण केले आणि १८६३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी स्पीकरच्या पेटीला असाच गळा बसविला आणि १९३२ साली त्याचे पेटंट मिळविले. पेटीतली नळी म्हणजे बाटलीचा गळा. पडद्याच्या मागची लहर या नळीतल्या हवेला हलविते, आणि नळी ज्या स्वराला मिळविलेली असेल त्याच्या आसपास ही हवा पडद्याच्या पुढच्या लहरीच्या जोडीने बाहेर लोटली जाते. जी लहर वाया जात होती, किंबहुना घात करीत होती, तीच आता मदतीला येते. त्या स्वराशी पडदा स्वतः फारसा हलतही नाही. बहुतेक काम नळीच करते. म्हणून तेवढ्याच विजेत नळीची पेटी अधिक मोठा आवाज देते. चिरंजिवांचे म्हणणे येथवर पूर्णपणे खरे आहे.

‘मिळविणे’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला आहे त्यांना या दोन्ही पेट्यांचे मर्म चटकन उमगेल. आपले इंदूर तर नाना पानसे यांचे गाव. पखवाजाच्या एका थोर घराण्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. पखवाज मिळविण्याच्या दोन युक्त्या असतात. वादीखालचे गठ्ठे ठोकले की ताण वाढतो आणि स्वर चढतो. डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा लेप दिला की वजन वाढते आणि स्वर उतरतो. बंद पेटी लहान केली की आतली हवा अधिक ताठ होते आणि पेटीचा मूळ स्वर चढतो. हा गठ्ठ्याचा न्याय. नळी लांब केली की तिच्यातल्या हवेचे वजन वाढते आणि मिळणीचा स्वर उतरतो. हा कणकेचा न्याय. पखवाजियाने कणीक किती लावावी हे त्याचा कान सांगतो. पेटी बनविणाऱ्यांचेही बराच काळ असेच अंदाजपंचे चालले होते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली नळीच्या पेटीचे गणित मांडले, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ते बंद पेटीसह सविस्तर सिद्ध केले. आज स्पीकरसोबत जे आकडे छापून येतात त्यांना या दोघांचेच नाव आहे.

आपल्या वाचकांत हौसेने सुतारकाम करणारेही आहेत, म्हणून थोडे गणित देतो. ६० लिटरच्या पेटीत १० सेंटिमीटर व्यासाची नळी ३० हर्ट्झला मिळवावयाची तर तिची लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर लागते. तीच ४० हर्ट्झला मिळवावयाची तर १७ सेंटिमीटर पुरतात. दहा हर्ट्झ खाली उतरण्यासाठी नळी दुपटीहून लांब करावी लागली हे ध्यानात घ्यावे. नळी बारीक केली तर आखूड चालते, पण मग तिच्यातून हवा इतक्या वेगाने धावते की फुसफुस ऐकू येऊ लागते. बंद पेटीचे गणित याहून सोपे. समजा, स्पीकरचा मूळ स्वर २८ हर्ट्झ, त्याचा क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. तर सुमारे ४१ लिटरच्या बंद पेटीत तो सपाट, सरळ खर्ज देतो आणि पेटीसकट त्याचा स्वर ४४ हर्ट्झच्या जवळ येतो. कोणता स्पीकर कोणत्या पेटीला योग्य, याचा एक ढोबळ आडाखाही आहे. मूळ स्वराच्या आकड्याला क्यूईएस या आकड्याने भागावे. उत्तर ५० किंवा त्याखाली आले तर स्पीकर बंद पेटीचा, १०० किंवा त्यावर आले तर नळीचा, मधले आले तर दोन्हींकडे चालेल. २५ हर्ट्झ आणि ०.५५ असे आकडे असतील तर उत्तर ४५ येते. असा स्पीकर नळीच्या पेटीत घालणे म्हणजे नसते लग्न जुळविणे होय.

येथे एक शंका येईल. नळीमुळे फुकटचा आवाज मिळतो, तर सगळेच नळीच्या पेट्या का करीत नाहीत? उत्तर असे की, निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही. यासंबंधी जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने एक लोखंडी नियम सांगितला जातो. हे हॉफमन म्हणजे जगप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. १९५७ साली निघालेल्या केएलएच या स्पीकर-कंपनीच्या नावातला ‘एच’ त्यांचाच. नियम असा: खोल स्वर, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मागा, तिसरी सोडावी लागेल. दुकानात लहान पेटीतून दणदणीत आवाज ऐकू आला, तर खोल स्वर कोठेतरी गमावलेला आहे हे ओळखावे. अशा पेटीची नळी पुष्कळदा ४० ते ५० हर्ट्झच्या दरम्यान मिळविलेली असते. तेथे ती गरजते आणि त्याखाली एकदम गप्प होते.

या गप्प होण्यातही दोन पेट्यांचे स्वभाव वेगळे आहेत. बंद पेटीचा आवाज तिच्या मूळ स्वराखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. जिना उतरावा तसा. नळीच्या पेटीचा दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरतो. कड्यावरून उतरावे तसा. शिवाय मिळणीच्या स्वराखाली नळीतून हवा नुसतीच आतबाहेर करते आणि पडद्याला कोणताच आधार उरत नाही. भाता फाटलेली बाजाची पेटी जशी कितीही हापसली तरी बोलत नाही, तसा तो पडदा उड्या मारीत राहतो पण बोलत नाही. आणि जोर अधिक असेल तर इजाही करून घेतो. म्हणून चांगल्या नळीच्या पेटीच्या अँप्लिफायरमध्ये अतिखोल कंपने आधीच गाळून टाकण्याची सोय असते. ती आहे किंवा नाही, हे विकत घेताना विचारावे.

दुसरा भेद थांबण्याचा आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. घरातला झोपाळा पायाने रेटणे थांबविले तरी तो लगेच थांबत नाही; साठविलेल्या गतीवर काही हेलकावे घेतोच. मिळविलेली नळी झोपाळ्यासारखी असते. तबल्याचा बोल संपला तरी तिच्यातली हवा क्षणभर डुलत राहते. नीट आखलेल्या बंद पेटीत हे डुलणे कमी असते. पडदा सांगितल्याबरोबर निघतो आणि सांगितल्याबरोबर थांबतो. गाण्यात स्वर कोठे सुरू होतो यास जितके मोल, तितकेच तो कोठे संपतो यास असते. डग्गा घुमला पाहिजे, पण एका मात्रेचे घुमणे दुसऱ्या मात्रेच्या अंगणात आले तर ठेक्याचा चिखल होतो. तथापि नळीवर सरसकट दोष ठेवणे अन्यायाचे होईल. नळी २० हर्ट्झच्या आसपास मिळविली असेल तर तिचे डुलणे संगीताच्या स्वरांच्या बरेच खाली राहते आणि गाणे स्वच्छ ऐकू येते. फक्त तशी पेटी मोठी होते, दिवाणाखाली सरकविता येत नाही. मोठ्या सभागृहात, मोकळ्या अंगणात किंवा केवळ चित्रपटांसाठी राखलेल्या प्रशस्त दालनात अशी पेटी आपले काम चोख बजावते. तेथे हवा पुष्कळ हलवावी लागते आणि ते काम नळीच स्वस्तात करते.

आता पत्रातल्या त्या तेरा फुटी खोलीकडे येऊ. तेरा फूट म्हणजे सुमारे चार मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहर जाऊन परतते तेव्हा खोलीचा स्वतःचा एक स्वर ठरतो. चार मीटर लांबीला तो ४३ हर्ट्झ येतो. म्हणजे खोली हीदेखील एक पेटीच झाली आणि ती ४३ला मिळालेली आहे! तीत ४५ला मिळविलेली नळीची पेटी आणून ठेवली तर दोघी एकाच स्वरावर जोर देणार. मग चित्रपट कोणताही असो, गाणे कोणतेही असो, एकच ‘धुम्म’ ऐकू येणार. बंद पेटीच्या बाबतीत मात्र लहान खोली उपकार करते. खोलीच्या या स्वराच्या खाली, दारे-खिडक्या लावलेल्या असतील तर, खोलीतला दाब आपोआप वाढत जातो. आणि बंद पेटीचा आवाज जेथे जिना उतरू लागतो तेथेच खोली त्याला हात देते. आपल्या घरांना दारे-खिडक्या भरपूर आणि त्या बहुधा उघड्या असतात, त्यामुळे हा लाभ पूर्णांशाने मिळत नाही, पण मिळतो.

शिवाय आपण ऐकतो काय, हेही पाहिले पाहिजे. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावला तर त्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या डबल बासची नेहमीची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. पियानोची अगदी शेवटची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची. तेव्हा ज्या घरात मुख्यतः ख्याल, ठुमरी, अभंग, नाट्यपदे ऐकली जातात त्या घराला ४० हर्ट्झच्या खाली धावण्याची फारशी गरज नाही. तेथवर जे आहे ते स्वच्छ ऐकू यावे, एवढेच मागणे असते आणि ते लहान बंद पेटी पुरविते. चित्रपटातले स्फोट आणि भूकंप त्याखाली जातात खरे; पण भूकंप थोडा कमी झाला म्हणून कोणत्याही कुटुंबाचे नुकसान झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कारागिरीच्या दृष्टीनेही बंद पेटी सोशिक आहे. घरी बनवावयाची झाल्यास १८ मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवुड घ्यावे, आत आडव्या पट्ट्या माराव्यात, सांधे सरस आणि सिलिकॉनने हवाबंद करावेत आणि आत पॉलिएस्टरचा कापूस सैल भरावा. त्यामुळे आतल्या हवेला पेटी थोडी मोठी असल्यासारखी वाटते. मापात एखाद्या लिटरची चूक झाली तरी बंद पेटी ती पोटात घालते. नळीच्या पेटीत मात्र माप चुकले की मिळणी चुकली. तेथे कापूस फक्त आतल्या भिंतींना लावावा, नळीच्या तोंडापासून दूर ठेवावा. ज्यांच्या घरी नळीची पेटी आधीच आली आहे आणि ती घुमते, त्यांनी नळीत फोमचा बोळा घट्ट बसवून पाहावा. पेटी जवळजवळ बंद पेटीसारखी वागू लागते. आवाज थोडा घटतो, पण स्पष्टता येते. कित्येक कंपन्या असा बोळा स्वतःच पुरवितात.

दुकानात पारख करताना दुकानदाराच्या पसंतीचे गाणे ऐकू नये. त्याने ते पेटीला शोभेल असेच निवडलेले असते. आपल्या परिचयाचे, विलंबित ठेक्याचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. डग्ग्याचे निरनिराळे बोल निराळे ऐकू येतात, की सगळे एकाच स्वरात कोंबले जातात, याकडे लक्ष द्यावे. घरी आणल्यावर पेटी तात्पुरती आपल्या बसण्याच्या जागी ठेवून वाजवावी आणि आपण खोलीभर वाकून फिरावे. ज्या जागी खर्ज सर्वांत समतोल ऐकू येईल ती पेटीची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, म्हणून कोपरा सर्वांत चांगला असे समजू नये. पेटीने सुमारे ८० हर्ट्झच्या खालचेच काम करावे. त्यावरचे काम मुख्य स्पीकरांकडे ठेवावे, नाहीतर गायकाचा आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटतो.

या सर्व विचारांती आमचा निवाडा वडिलांच्या बाजूने, परंतु वडिलांच्या कारणाने नव्हे. नळी हे अपुरेपण नाही. ती एक बुद्धिमान युक्ती आहे. पण ती युक्ती जागा मागते आणि त्या घरात जागा नाही. तेरा फुटी खोली, ख्यालाची आवड आणि माफक आकाराची पेटी, या तिन्हींचा विचार करता बंद पेटीच घ्यावी. पुढे चिरंजिवांनी ऐसपैस घर बांधले तर त्यात मोठी, खोल मिळविलेली नळीची पेटी अवश्य आणावी.

मात्र या पत्रात एक पक्ष असा आहे की ज्याने आमच्याकडे काहीच विचारलेले नाही. भिंतीपलीकडच्या त्या वृद्ध बाई. उंच स्वर भिंतीत अडतात. खर्ज पुष्कळसा पलीकडे जातो. शेजाऱ्याला गाण्याचे शब्द ऐकू जात नाहीत, सूरही जात नाहीत, फक्त धक्के जातात. ज्याला आपण संगीत म्हणतो ते पलीकडे पोहोचेपर्यंत नुसते ठोके उरलेले असतात. आणि भिंतीला हे धक्के बंद पेटीतून आले की नळीच्या, याच्याशी कर्तव्य नसते.

याविषयी कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळचे सहा असे स्पष्ट सांगितले आहे. पण हे मोजमाप ज्या पद्धतीने होते तिचा एक विशेष सर्वसाधारण माणसाला माहीत नसतो. माणसाच्या कानाला मंद आवाजातला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मापकयंत्रही खर्जाला कमी लेखते. ५० हर्ट्झचा ध्वनी त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे यंत्राचा काटा मर्यादेच्या आत असताना शेजारच्या फडताळातली भांडी थरथरत असू शकतात. कायद्याचे माप येथे तोकडे पडते. तेथून पुढे केवळ माणुसकीचे माप उरते.

म्हणून पेटी घेणाऱ्या कुटुंबाला आमची एवढीच सूचना. पेटी सामाईक भिंतीपासून दूर ठेवावी, खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत आणि रात्री दहाची वाट न पाहता दिवेलागणीनंतर काही वेळाने खर्जाची कळ उतरवावी. पहिल्या दिवशी पेटी नेहमीच्या आवाजात लावून चिरंजिवांनी स्वतः शेजारी जावे, त्या बाईंच्या खाटेजवळ पाच मिनिटे बसावे आणि ऐकावे. भिंतीपलीकडून आपले घर कसे ऐकू येते, हे तेथेच कळेल. कळ कोठवर फिरवायची त्याची खूण तेथून परतल्यावर खडूने करून ठेवावी. ती खूण घरातल्या सर्वांनी पाळावी, पाहुणे आले तरी पाळावी.